टनाची नोंद आहे, माणसाची केव्हा?

(हंगामी स्थलांतर आणि त्याची नोंद या विषयावर पाथर्डी येथे कार्यकर्ते, शिक्षक व नागरिक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा हा लिखित पाठ.)



आजच्या विषयाचे नाव जरा रुक्ष आहे. आकडेवारी म्हटले की सभागृहातल्या मागच्या रांगा रिकाम्या होऊ लागतात, असा सर्वांचाच अनुभव आहे. परंतु पाथर्डीत बसून या विषयाकडे पाठ फिरवता येणार नाही. आपल्या तालुक्याच्या पूर्वेकडील अनेक गावांत दसरा झाला की घरांना कुलपे लागतात. भगवानगडावर माथा टेकून, मोहटादेवीचे दर्शन घेऊन टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसतात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या नाहीतर कर्नाटकाच्या वाटेला लागतात. गावात म्हातारी माणसे राहतात, काही मुले राहतात, आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे गाव पुन्हा भरते. हे आपण इतकी वर्षे पाहत आलो आहोत की त्यात आपल्याला काही विशेष वाटेनासे झाले आहे.

आता या सभागृहातल्या कोणीही एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. मागच्या हंगामात आपल्या तालुक्यातून नेमकी किती माणसे ऊसतोडीला गेली? त्यांत स्त्रिया किती होत्या, सहा ते चौदा वर्षांची मुले किती होती, आणि त्या मुलांपैकी परत येऊन किती जण पुन्हा वर्गात बसले? अंदाज पुष्कळ जण सांगतील. त्या अंदाजामागे वही मात्र कोणाकडेच सापडणार नाही. माझे आजचे सारे बोलणे त्या नसलेल्या वहीविषयी आहे.

एकाच जिल्ह्याची दोन टोके

आपला अहिल्यानगर जिल्हा हा या प्रश्नाचा आरसाच आहे. याच जिल्ह्याच्या उत्तरेस लोणी-प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० साली त्याचे पहिले गळीत झाले. कोपरगाव, संगमनेर, श्रीरामपूर हा कालव्यांचा आणि उसाचा पट्टा. त्याच जिल्ह्याच्या दक्षिण-पूर्वेस बालाघाटाच्या कुशीत पाथर्डी आणि जामखेड हे पर्जन्यछायेतील तालुके. १९७२ च्या दुष्काळाने या भागाचे कंबरडे मोडले आणि त्यानंतरच्या दशकांत, जसजसे कारखाने वाढत गेले, तसतसे येथील हातांना कोयता मिळत गेला. आपल्याच तालुक्यात आदिनाथनगरला वृद्धेश्वर कारखाना आहे, तरीही हजारो हात बाहेर जातात. उत्तरेच्या टोकाला ऊस आहे आणि या टोकाला ऊस तोडणारा माणूस आहे. साखरेचा सारा व्यवहार या दोघांच्या जोडीवर चालतो, परंतु त्यांतील एकाचीच नोंद ठेवली जाते.

ती कशी, ते पाहा. ऊस कारखान्याच्या वजनकाट्यावर येतो तेव्हा त्याची पावती होते. कोणत्या शेतकऱ्याचा, कोणत्या गटातला, कोणत्या जातीचा ऊस, किती टन, हे सारे लिहिले जाते. साखरेचा उतारा दशांश चिन्हानंतर दोन अंकांपर्यंत काढला जातो. पुण्याच्या साखर आयुक्तालयात हंगामभर दररोज गाळपाचा अहवाल तयार होतो. २०२१-२२ च्या हंगामात महाराष्ट्राने सुमारे १,३२० लाख टन ऊस गाळला आणि सुमारे १३७ लाख टन साखर तयार केली, हे आपण आज सहज सांगू शकतो. मग तो ऊस तोडला किती जणांनी? कोणी आठ लाख म्हणतो, कोणी दहा लाख, कोणी बारा लाखांच्याही पुढे जातो. ज्या व्यवस्थेला उताऱ्यातील शतांशाचा फरक कळतो, तिला माणसांतील चार लाखांचा फरक कळत नाही. तेव्हा मोजण्याची कला आपल्याला अवगत नाही, असे कोणी म्हणू नये. काय मोजावे, याविषयीचा आपला निर्णय चुकलेला आहे.

मोजणी का चुकते?

याचे पहिले कारण एककात आहे. या धंद्यात माणूस मोजला जात नाही, ‘कोयता’ मोजला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा कोयता. उचल कोयत्यावर दिली जाते, करार कोयत्यावर होतो आणि हिशेबही कोयत्यावरच मिटतो. उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. पहाटे उठून स्वयंपाक करणारी, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणारी स्त्री ही त्या हिशेबात अर्ध्या कोयत्यापुरतीच असते. तिचे नाव, तिचे वय, तिचे आजारपण यांना त्या वहीत रकानाच नाही. सोबत गेलेले मूल तर त्या अर्ध्यातही बसत नाही. चुकीचे एकक घेतले की कितीही काळजीपूर्वक मोजले तरी निम्मी माणसे गळतात.

दुसरे कारण साखळीत आहे. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी, आणि मुकादमाचा व्यवहार मजुराशी. मजुराचा मालक कोण, असे विचारले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार कामगार संहितांपैकी व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेने त्याची जागा घेतली. पण त्यातही स्थलांतरित कामगारांसाठीच्या विशेष तरतुदी ‘आंतरराज्य’ या शब्दाशीच बांधलेल्या आहेत. म्हणजे पाथर्डीचे जोडपे बेळगाव जिल्ह्यात गेले तर त्या अर्थाने स्थलांतरित, आणि त्यांचेच शेजारी कोल्हापूर जिल्ह्यात गेले तर नाहीत. दोघांनी ओलांडलेले अंतर जवळपास सारखेच, दोघांची कोपीही सारखीच.

तिसरे कारण मोठ्या गणनांच्या वेळापत्रकात आहे, आणि ते फारसे लक्षात घेतले जात नाही. २०११ च्या जनगणनेत प्रत्यक्ष शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. नियम असा की, त्या साऱ्या काळात जो घरी नव्हता त्याची गणना घरी करायची नाही. तो जेथे आढळेल तेथे करायची. फेब्रुवारी म्हणजे गळिताचा ऐन भर. तेव्हा आपल्या गावचा माणूस आपल्या गावच्या लोकसंख्येत नसतो, आणि उसाच्या फडाशेजारच्या कोपीपर्यंत प्रगणक पोहोचला तरच तो इतरत्र कोठे तरी असतो. करोनामुळे २०२१ ची जनगणना होऊ शकली नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भवेळ १ मार्च २०२७ अशी १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने ठरविण्यात आली. म्हणजे हीही गणना ऊसतोडीच्या दिवसांतलीच. गावाचा निधी, शाळेचे शिक्षक, आरोग्य उपकेंद्र या साऱ्यांचे गणित लोकसंख्येवर बसते, हे ध्यानात घेतले म्हणजे या एका तारखेची किंमत कळेल.

राष्ट्रीय नमुना पाहणीची तऱ्हा आणखी वेगळी. २००७-०८ च्या चौसष्टाव्या फेरीत अल्पकालीन स्थलांतरिताची व्याख्या अशी होती: गेल्या वर्षभरात कामासाठी एक महिना किंवा त्याहून अधिक, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ घराबाहेर राहिलेला. आता आपल्या मजुराचा हंगाम बसवून पाहा. ऑक्टोबरच्या अखेरीस गेलेला माणूस मार्चमध्ये परतला तर तो या व्याख्येत येतो. २०२१-२२ सारखा उसाचा पूर आला आणि गळीत जूनपर्यंत लांबले, तर तोच माणूस व्याख्येबाहेर पडतो. ज्या वर्षी त्याचे हाल अधिक, त्याच वर्षी तो आकड्यांतून नाहीसा होतो.

मोजले की काय घडते?

कोणी म्हणेल, मोजून काय होणार आहे? आकड्याने पोट भरते काय? या शंकेला आपल्या शेजारच्याच जिल्ह्याने उत्तर दिले आहे.

ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण फार आहे, ही कुजबूज बीड जिल्ह्यात कितीतरी वर्षे चालू होती. पाळी आली की खाडा पडतो, खाडा पडला की दंड होतो, आणि वारंवार होणाऱ्या पोटदुखीवर डॉक्टरने सुचवलेला कायमचा उपाय म्हणून ही शस्त्रक्रिया. सर्वांना हे ठाऊक होते, परंतु ‘ठाऊक असणे’ म्हणजे पुरावा नव्हे. २०१९ मध्ये हा विषय विधिमंडळात आला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जिल्ह्यात घरोघर पाहणी झाली. ८२,३०९ स्त्रियांची माहिती घेतली गेली. त्यांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत सारखी नाही, हे मान्य करूनही ही दरी डोळ्यांआड करता येत नाही. खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे भाग पडले, हंगामाच्या आधी व नंतर आरोग्य तपासणीचा विषय पुढे आला. कुजबूज होती तोवर कोणावर जबाबदारी नव्हती. आकडा आला आणि जबाबदारी आली.

दुसरे उदाहरण २०२० च्या टाळेबंदीचे. मार्चअखेर सारा देश थांबला तेव्हा ऊसतोड मजूर कारखान्यांच्या परिसरात अडकून पडले. १७ एप्रिलला राज्य शासनाने त्यांना गावी परतण्याची मुभा दिली, तेव्हा ३८ कारखान्यांच्या क्षेत्रात सुमारे १ लाख ३१ हजार मजूर असल्याचे सांगण्यात आले. मजुरांची तपासणी व प्रवासाची व्यवस्था कारखान्यांवर सोपवली गेली. येथे एक गोष्ट लक्षात घ्या. जी यादी सामान्य काळात ‘करणे अशक्य’ म्हणून सांगितली जाते, ती निकड निर्माण होताच काही दिवसांत तयार झाली. हंगाम संपला आणि ती निकडही संपली.

योजना आहेत, प्रगती कशाला म्हणायचे?

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात जेवढ्या योजना आल्या, तेवढ्या पूर्वी कधी आल्या नव्हत्या. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही व्यवस्था २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण या जोड्यांपासून सुरू होऊन २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचली. २६ ऑगस्ट २०२१ रोजी असंघटित कामगारांसाठी ‘ई-श्रम’ नोंदणी सुरू झाली. राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले आणि त्यासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये व शासनाकडून तेवढीच रक्कम असे सूत्र ठरले. २०२१ मध्ये ग्रामसेवकांमार्फत मजुरांची नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आली: १० जिल्ह्यांतील ४१ तालुक्यांत मुलांचे एक व मुलींचे एक, अशी ८२ वसतिगृहे. पहिल्या टप्प्यातील दहा तालुक्यांत आपल्या पाथर्डीचे नाव आहे. भगवानबाबांनी शिक्षणाचा किती आग्रह धरला होता, हे या भागात सांगण्याची गरज नाही. त्यांचे नाव लावलेल्या योजनेचा हिशेब आपण अधिक काटेकोरपणे ठेवावा, एवढेच सुचवतो. महिला व बालविकास विभागाने नंदुरबार, पालघर आदी जिल्ह्यांत स्थलांतरित माता-बालकांचा मागोवा घेणारी प्रणाली २०२१-२२ मध्ये प्रायोगिक स्वरूपात राबविली व ती राज्यभर नेण्याचे ठरविले.

ही यादी छोटी नाही. पण योजनांची यादी वाढणे म्हणजे प्रगती नव्हे. ‘इतक्या लाखांची नोंदणी झाली’ हे वाक्य आपण वारंवार ऐकतो. नोंदणी हे दार आहे, आत जाऊन काय मिळाले ते वेगळेच विचारावे लागते. शिवाय एकूण किती जणांपैकी नोंदणी झाली, हा प्रश्न राहतोच. ज्याचा छेद माहीत नाही, त्या अपूर्णांकाची किंमत कोणी सांगावी?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा एका गावातून दसऱ्यानंतर निघालेल्या कुटुंबांत शाळेच्या वयाची १२० मुले आहेत. त्यांपैकी काही हंगामी वसतिगृहात थांबली, काही आजी-आजोबांकडे राहिली, काहींना कारखान्याजवळच्या शाळेत प्रवेश मिळाला, आणि ५५ मुलांचे शिक्षण तुटले. पुढच्या वर्षी हा आकडा ४० वर आला. अहवालात लिहिले जाईल: शाळाबाह्य मुलांची संख्या ५५ वरून ४० वर, उल्लेखनीय यश! पण त्या वर्षी पाऊस बरा झाला म्हणून मुळात ८० मुलांचीच कुटुंबे बाहेर गेली होती, असे असेल तर? पहिल्या वर्षी शंभरांतील ४६ मुलांचे शिक्षण तुटले होते. दुसऱ्या वर्षी शंभरांतील ५० मुलांचे तुटले. आकडा घटला आणि परिस्थिती बिघडली. यश पावसाचे होते, व्यवस्थेचे नव्हते. गेले किती, हा पहिला आकडा नसेल तर आपण अशाच यशावर हार घालत राहू.

पाच प्रश्नांची वही

यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. प्रत्येक गावाने प्रत्येक हंगामात तेच पाच प्रश्न विचारावेत, त्याच पद्धतीने विचारावेत आणि उत्तरे वर्षानुवर्षे शेजारी-शेजारी मांडावीत. एका वर्षीच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो; तीन-चार वर्षांची रांग लागली की दिशा दिसू लागते.

पहिला प्रश्न: कोण गेले? कोयते मोजायचे नाहीत, माणसे मोजायची. स्त्री, पुरुष, मूल स्वतंत्र. कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या कारखान्याकडे, कोणत्या मुकादमाबरोबर.

दुसरा प्रश्न: मुलांचे काय झाले? किती मागे राहिली, किती सोबत गेली, सोबत गेलेल्यांपैकी किती तिकडच्या शाळेत बसली आणि परतल्यावर किती वर्गात आली. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. स्थलांतरित मुलासाठी शाळेने शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धत राज्यात आहे. ते दिले किती जणांना, आणि दुसऱ्या टोकाच्या शाळेने स्वीकारले किती, हे कोणी तरी जुळवून पाहिले पाहिजे.

तिसरा प्रश्न: धान्य मिळाले काय? शिधापत्रिकेवरील धान्याचा काही भाग कारखान्याच्या गावी आणि उरलेला घरच्या वृद्धांना आपल्या गावी घेण्याची सोय आहे. दुकानातील यंत्रावर अंगठा उमटला की व्यवहार नोंदला जातो. म्हणजे पाथर्डी तालुक्याच्या किती कार्डांवर डिसेंबरात बाहेरच्या तालुक्यात धान्य उचलले गेले, ही माहिती शासनाच्या संगणकात आधीच आहे. ती तालुकावार काढून मांडणे, एवढेच काम आहे.

चौथा प्रश्न: माता आणि बालके. जाताना गर्भवती किती होत्या, प्रसूती कोठे झाली, बालकांच्या लसी वेळेवर झाल्या किंवा नाही. हे प्रश्न विचारण्याचे काम स्त्रियांनीच करावे. आशा आणि अंगणवाडी सेविकांना घराची जी ओळख असते ती दुसऱ्या कोणाला नसते.

पाचवा प्रश्न: उचल फिटली काय? येथे जरा थांबतो, कारण साऱ्या स्थलांतराचे मूळ या प्रश्नात आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाले. मुकादमाचे कमिशन १९ वरून २० टक्के झाले. एका जोडप्याने दिवसभर राबून दोन टन ऊस तोडला, तर ७३२ रुपये, माणशी ३६६. दर सर्वांना कळला. पण एका जोडप्याला हंगामात किती दिवस काम मिळाले, खाडे किती पडले, गाडीची वाट पाहण्यात किती रात्री गेल्या, आणि शेवटी किती रक्कम अंगावर राहिली, हे कोठेच लिहिलेले नाही. अंगावर राहिलेली बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत मिसळते आणि तोच माणूस त्याच मुकादमाकडे पुन्हा बांधला जातो. दर वाढला तरी बाकी घटली नाही, असे चार वर्षांच्या वहीतून दिसले, तर पुढच्या वाटाघाटी कशावर व्हाव्यात हे आपोआप ठरेल. हार्वेस्टर यंत्रे येत आहेत. त्यांनी कोणत्या गावाचे काम किती घटवले, हेही याच वहीतून कळेल. अन्यथा काम गेल्याचे आपल्याला उपासमारीनंतर कळेल.

मुकादमाविषयी एक शब्द. प्रत्येक मुकादम लुबाडणारा असतो, असे मी मानत नाही. तोही पुष्कळदा याच मातीतला, कालपर्यंत कोयता चालवणारा आणि कारखान्याच्या व मजुरांच्या मधल्या तिढ्यात सापडलेला माणूस असतो. उचल घेऊन टोळी पळाली म्हणजे त्याचेही घर बुडते. लेखी हिशेब हा मजुराइतकाच सचोटीच्या मुकादमाच्याही हिताचा आहे.

नोंद आणि विश्वास

परंतु माहिती गोळा करताना एक पथ्य पाळले पाहिजे. ज्याच्याकडे दुसऱ्याची माहिती असते, त्याच्याकडे सत्ताही असते. कोणावर किती बाकी आहे, कोणत्या घरी तरुण मुलगी मागे राहिली आहे, कोणाला कोणता आजार आहे, ही वही चुकीच्या हाती पडली तर उपकाराऐवजी अपकार होईल. डिजिटल स्वरूपातील व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. पण कायद्याआधी आपली सभ्यता आहे. नावे घराबाहेर जाऊ नयेत, गावापुढे केवळ बेरजा मांडाव्यात. विचारण्याआधी कशासाठी विचारतो ते सांगावे, आणि उत्तर द्यायचे नसेल तर आग्रह धरू नये. तसेच, एकदा माहिती घेऊन गेलेला मनुष्य पुन्हा कधी तोंड दाखवत नाही, हा या लोकांचा जुना अनुभव आहे. वही घेऊन जाणाऱ्याने हंगामानंतर निष्कर्ष घेऊन परत गेलेच पाहिजे.

जग आणि आपण

हा विचार केवळ आपल्यापुरता नाही. डिसेंबर २०१८ मध्ये मोरोक्कोतील माराकेश येथे स्थलांतराविषयीचा जागतिक करार स्वीकारला गेला. त्याच्या २३ उद्दिष्टांपैकी पहिलेच उद्दिष्ट अचूक व वर्गवार आकडेवारी गोळा करण्याचे आहे. आपल्या देशात केरळने याचा वस्तुपाठ घालून दिला आहे. तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राने के. सी. झकारिया आणि एस. इरुदय राजन यांच्या नेतृत्वाखाली १९९८ मध्ये स्थलांतराची पाहणी केली आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी ती होत राहिली. आखातात किती गेले, किती परतले, पैसा किती आला, मागे राहिलेल्या कुटुंबांचे काय झाले, याचा पाव शतकाचा आलेख त्या राज्याजवळ आहे. त्यामुळे तेथे स्थलांतरावरील चर्चा आठवणींवर होत नाही, आकड्यांवर होते. केरळचा माणूस समुद्र ओलांडून जातो, आपला माणूस चार-पाच जिल्हे ओलांडून जातो. पण मागे राहिलेल्या घराचे प्रश्न वेगळे नाहीत. एवढ्या मोठ्या साखर उद्योगाच्या महाराष्ट्राने ऊसतोड मजुरांची अशी नियमित पाहणी करू नये, याला कोणतेही सबळ कारण नाही.

आरंभ कोठून करायचा?

शासनाने करावे ते शासनाने करावेच. मजुरांच्या नोंदीचा अहवाल गाळपाच्या अहवालाप्रमाणे नियमित निघावा, ही मागणी आपण मांडली पाहिजे. कारखान्याने टनामागे १० रुपये द्यायचे असतील, तर ते कोणासाठी, हे विचारण्याचा अधिकार समाजाला आहे. पण शासन करील तोवर थांबण्याची आपल्या कार्याची रीत नाही.

एक साधा मार्ग सुचवतो. प्रथेप्रमाणे ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबरला होतात. त्यांपैकी २ ऑक्टोबर हा टोळ्या निघण्याच्या तोंडावरचा दिवस, आणि १ मे हा बहुतेक टोळ्या परतल्यानंतरचा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ‘जाणाऱ्यांची नोंद’ वाचावी आणि १ मेच्या ग्रामसभेत ‘परतलेल्यांची नोंद’ वाचावी. किती मुले गेली होती, किती परत वर्गात आली. किती जणींना तिकडे उपचार मिळाले. किती घरांची बाकी राहिली. गावासमोर मोठ्याने वाचलेला आकडा दडपता येत नाही. गावातला एक शिक्षक, एक अंगणवाडी सेविका, एक निवृत्त गृहस्थ आणि दोन तरुण कार्यकर्ते एवढ्यांनी मनावर घेतले तर दसऱ्यापूर्वीच्या पंधरा दिवसांत एका गावाचे काम होते.

शहरांतील आपल्या कुटुंबांनाही यात वाटा आहे. पुण्यात, कोल्हापुरात, साताऱ्यात आपले कार्यकर्ते आहेत. पाथर्डीची वही सांगेल की अमुक कारखान्याच्या तळावर आपल्या तालुक्यातील इतकी मुले आहेत. त्या तळाजवळच्या कार्यकर्त्याने मुलांना शाळेपर्यंत आणि मातेला आरोग्य केंद्रापर्यंत नेऊन पोहोचवावे. एका टोकाची नोंद दुसऱ्या टोकाला पोहोचली तरच तिचा उपयोग. आज सेवा करण्याची इच्छा दोन्ही टोकांना आहे. कोणासाठी आणि कोठे, हे मधल्या मध्ये हरवते.

आरंभी पाच गावे घ्या. पहिल्या वर्षी चुका होतील, काही घरे सुटतील, काही उत्तरे अपुरी राहतील. त्याने निराश होऊ नये. पुढच्या वर्षी प्रश्न मात्र बदलू नका. तीन वर्षांनंतर या पाच गावांजवळ अशी माहिती असेल, जी आज जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळत नाही. आणि तेव्हा वसतिगृहासाठी अर्ज करताना, आरोग्य पथकाची मागणी करताना, दरवाढीच्या वाटाघाटींत बोलताना आपल्या माणसाचा शब्द वजनदार ठरेल.

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आपल्यापैकी कोणत्या पाच गावांची नोंद वाचली जाणार, हे आज येथून उठण्यापूर्वी ठरावे, अशी विनंती करतो आणि थांबतो.